लॅबमधली पहिली नोकरी : ठाणे-नवी मुंबईच्या एमएस्सीवाल्यांसाठी

"ताई, ॲक्ट्रेकला कसं लागायचं?" ॲक्ट्रेक म्हणजे खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र. एमएस्सीचे निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारी मुलं ठाण्याची, कळव्याची, कोपरखैरण्याची, पनवेलची. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी केलेली. मार्क चांगले, इच्छा खरी. पण बँकेसारखी एक मोठी भरती निघेल, परीक्षा होईल आणि यादीत नाव लागेल, अशी त्यांची समजूत असते. मी स्वतः त्याच समजुतीत आठ महिने घरी काढले. ते तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा : नोकरी प्रकल्पाची असते

विद्यापीठ असो, मेडिकल कॉलेज असो की संशोधन संस्था, तिथली कायम पदं थोडी असतात आणि ती क्वचित निघतात. नव्या माणसाला जी दारं खरोखर उघडतात ती प्रकल्पांची. हे चालतं कसं, ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

एखादे सर किंवा मॅडम संशोधनाचा प्रस्ताव लिहितात. तो डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), डीएसटी (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) अशा एखाद्या सरकारी यंत्रणेकडे जातो. पूर्वी सर्ब या नावाने ओळखलं जाणारं मंडळ आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं आहे. त्यासाठीचा कायदा २०२३ चा, त्यामुळे जुन्या जाहिरातींत सर्ब आणि नव्यांत एएनआरएफ दिसलं तर गोंधळू नका. प्रस्ताव मंजूर झाला की ठरावीक वर्षांसाठी, बहुतेकदा तीन वर्षांसाठी, पैसे मिळतात. त्या पैशांत केमिकल्सचा रकाना असतो, उपकरणांचा असतो, प्रवासाचा असतो आणि माणसांचा असतो. तुमचा पगार या शेवटच्या रकान्यातून येतो. ज्यांच्या नावावर प्रकल्प आहे त्यांना सगळे पीआय, म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणतात. जाहिरात संस्थेच्या नावाने निघते, पण माणूस हवा असतो पीआयना, आणि प्रकल्प संपला की पदही संपतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, जाहिराती वर्षभर कधीही निघतात, कारण प्रस्ताव वर्षभर मंजूर होत असतात आणि आधीची मुलं पीएचडीला किंवा परदेशी गेली की मधूनच जागा रिकामी होते. दुसरी, मुदत फार कमी मिळते. जाहिरात आणि मुलाखत यांत कधी दहाच दिवस असतात. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तुम्ही संस्थेचं नाव बघून अर्ज करता, पण निवड होते ती त्या प्रकल्पाला तुमचे हात उपयोगी पडतील की नाही यावर.

पदांची नावं आणि पगार

नावांनी मुलं फार गोंधळतात. एकाच तऱ्हेच्या कामाला एका जाहिरातीत जेआरएफ म्हणतात, दुसरीत प्रोजेक्ट असोसिएट आणि तिसरीत प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट. फरक असतो तो पैसा देणाऱ्या यंत्रणेचा.

ज्युनियर रिसर्च फेलो म्हणजे जेआरएफ. १ जानेवारी २०२३ पासून याचं मानधन महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी काम पाहून सीनियर केलं तर ४२,०००. वर घरभाडे भत्ता. मुंबई महानगर वरच्या वर्गात मोडत असल्याने हा भत्ता इथे सगळ्यात जास्त दराने मिळतो. यासाठी नेट किंवा गेट यांपैकी एक राष्ट्रीय परीक्षा पास असावी लागते. इथे एक बारकावा आहे जो कॉलेजात कोणी सांगत नाही : सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ न मिळता फक्त लेक्चररशिप मिळाली असेल, तरी प्रकल्पातल्या जेआरएफ पदासाठी तुम्ही पात्र ठरता. माझ्या ओळखीतल्या दोघींनी 'आपल्याला नुसती एलएस आहे' म्हणून अशा जाहिराती सोडून दिल्या होत्या. गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजी आणि लाइफ सायन्सेस असे दोन्ही पेपर असतात, तेही चालतात. डीबीटीच्या बीईटी परीक्षेत दोन याद्या लागतात. दुसऱ्या यादीत नाव असलं तरी डीबीटीच्या प्रकल्पात जेआरएफच्या मानधनावर घेता येतं. महाराष्ट्राची सेट परीक्षा प्राध्यापकीसाठी उपयोगी आहे, पण या पदाला राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा मागतात.

प्रोजेक्ट असोसिएट-१ हे पद एमएस्सी झालेल्यांना सगळ्यात सहज मिळतं. डीएसटीच्या २०२० च्या परिपत्रकात नेट-गेटवाल्यांना ३१,००० आणि बाकीच्यांना २५,००० रुपये असे दोन दर आहेत, वर घरभाडे भत्ता. आयसीएमआरच्या प्रकल्पांत प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट एक, दोन, तीन अशा पायऱ्या असतात : १८,०००, २०,००० आणि २८,०००. तिसरी पायरी पदव्युत्तरांसाठी. बारावी सायन्सनंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेल्यांनाही खालच्या पायऱ्यांवर जागा असते, त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. चांगला टेक्निशियन मिळणं चांगला जेआरएफ मिळण्यापेक्षा अवघड आहे, असं मी अनेक पीआयना म्हणताना ऐकलं आहे. पीएचडी झालेल्यांसाठी रिसर्च असोसिएट, मानधन ५८,००० पासून.

हे दर वेळोवेळी बदलतात आणि जुन्या मंजुरीचा प्रकल्प जुन्याच दराने चालू राहू शकतो. तेव्हा जाहिरातीत छापलेला आकडा हाच तुमचा आकडा.

कुठे शोधायचं : लोकलच्या मार्गांनी बघा

मी मुलांना संस्थांची यादी देत नाही, रेल्वेचा नकाशा समोर ठेवायला सांगते. दीड तासापेक्षा जास्त एका दिशेचा प्रवास असेल तर सेल कल्चरचं, म्हणजे पेशी वाढवायचं, काम निभत नाही. पेशींना रविवार नसतो.

ट्रान्स-हार्बर धरा. ठाण्याहून पनवेल लोकलने पाऊण-एक तासात खारघर. तिथे सेक्टर २२ मध्ये ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र. परळच्या जुन्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचंच हे पुढचं रूप. ती संस्था १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली आणि डॉ. वसंत खानोलकर तिचे पहिले संचालक. ॲक्ट्रेकमधल्या इमारतीला आज त्यांचं नाव आहे, खानोलकर शोधिका. डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली ती याच संस्थेत. आपल्या भाषेत वाढलेल्या एका बाईने हे काम इथे सुरू केलं, हे मला मुलाखतीला जातानाही आठवायचं आणि बळ यायचं. स्टेशनवरून बस किंवा रिक्षा करावी लागते, सकाळी वेळ हाताशी ठेवा.

त्याच मार्गावर नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठ आहे. त्यांची बायोटेक्नॉलॉजी आणि बायोइन्फर्मेटिक्सची शाळा सीबीडी बेलापूरला. कामोठ्याला एमजीएमचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तिथे बायोमेडिकल सायन्सेसचा स्वतंत्र विभाग आहे. पनवेलच्या पुढे भाताणला ॲमिटी विद्यापीठ. या विद्यापीठांत प्रकल्पपदं संख्येने कमी निघतात, पण अर्जही कमी येतात. नेरूळला आणि कामोठ्याला मेडिकल कॉलेज शेजारी असल्याने रुग्णांचे नमुने हाताळायला मिळतात, ही मोठी जमेची बाजू.

ठाण्यात कळव्याला महापालिकेचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज, चेंदणी बंदर रोडला बांदोडकर कॉलेज, शेजारच्या मुलुंडला वझे-केळकर. कॉलेजांमध्ये प्रकल्प लहान असतात. पण पहिला अनुभव घराजवळ मिळत असेल तर नाही म्हणू नका.

मध्य रेल्वेने परळला जा, तिथे तर जीवशास्त्राची पेठच आहे : हाफकिन, आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संस्था, केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटोलॉजीची संस्था, शिवाय केईएमचे स्वतःचे विभाग. बहुतेक जलद लोकल परळला थांबत नाहीत. धीमी पकडा, नाहीतर दादरला उतरून मागून येणारी धीमी घ्या. कांजूरमार्गला उतरून पवईचं आयआयटी, कुर्ल्याहून मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल, माटुंग्याला आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था. कुलाब्याचं टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, ठाण्याहून लांब पडतं, तरी तिथल्या जीवशास्त्र विभागाच्या जाहिराती बघत राहा.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. तिथलं काम ठरलेल्या पद्धतीने, क्वालिटी कंट्रोलच्या नियमांनी चालतं. ते कमी दर्जाचं अजिबात नाही. पण पुढे पीएचडी करायची असेल तर विद्यापीठातल्या लॅबमधला अनुभव जास्त कामाला येतो.

शोधायची सवय

प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर करिअर किंवा रिक्रूटमेंटचं पान असतं. त्या पंधरा-वीस पानांच्या खुणा फोनमध्ये जतन करा आणि आठवड्यातून दोनदा, समजा सोमवारी आणि गुरुवारी, सगळी चाळा. अर्ध्या तासाचं काम आहे. इंडिया बायोसायन्सच्या संकेतस्थळावर देशभरच्या जागा एकत्र येतात, तेही बघा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नका. त्यांत निम्म्या मुदत उलटलेल्या असतात. जाहिरात दिसली की मूळ पानावर जाऊन तारीख तपासायची.

दुसरा रस्ता सरळ पीआयना पत्र लिहिण्याचा. याला मुलं फार बुजतात. 'ओळख नाही, कसं लिहू?' अहो, ओळख नाही म्हणूनच तर लिहायचं. जाहिरात निघायच्या आधी पीआयच्या मनात 'आता माणूस लागेल' हा विचार महिनाभर घोळत असतो. त्या महिन्यात तुमचं पत्र पोहोचलं तर ते म्हणतात, जाहिरात येतेय, अर्ज करा. वशिला म्हणतात तो हा नव्हे. मुलाखत सगळ्यांबरोबरच द्यावी लागते, फक्त तुम्हाला तारीख चुकत नाही.

पत्र इंग्रजीतच जाईल, पण त्यात काय असावं ते मराठीत सांगते. पबमेड या शोधलेखांच्या ऑनलाइन सूचीवर त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले दोन लेख काढा. एक नीट वाचा, आकृत्यांसह. पत्राच्या पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, दुसऱ्या-तिसऱ्यात त्या लेखातलं नेमकं काय वाचून तुम्ही लिहिताय, मग तुम्हाला हाताने काय काय करता येतं, आणि शेवटी कधीपासून रुजू होऊ शकता. एवढंच, फोनच्या एका पडद्यावर मावेल इतकं. चाळीस जणांना एकच पत्र पाठवू नका. 'रिस्पेक्टेड सर' असं लिहून ते मॅडमना गेलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या मॅडमनी ते पुढे वाचलं नाही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा विनम्रपणे आठवण करा. नंतर सोडून द्या.

कोणी 'जागा नाही, पण ट्रेनिंग देतो, इतके हजार भरा' म्हटलं तर थांबा. एमएस्सीचा प्रबंध करताना फी घेणारी केंद्रं असतात, तो तुमचा निर्णय. पण नोकरीसाठी पैसे मागणारं कुणीही खरं नसतं. सरकारी संस्थेत कायम पदाच्या अर्जाला लहानशी फी असते, तीही अधिकृत संकेतस्थळावरच भरायची.

बायोडेटा : जे हाताने केलं तेच लिहा

दोन पानं पुरेत. वडिलांचं नाव, उंची, छंद, धर्म यातलं काही नको. शिक्षण, प्रबंध, येणारी तंत्रं, परीक्षा, दोन शिक्षकांची नावं संदर्भासाठी. त्या शिक्षकांना आधी विचारलेलं हवं.

खरी गोम तंत्रांच्या यादीत आहे. बहुतेक बायोडेटांत पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, एलायझा, फ्लो सायटोमेट्री, सेल कल्चर अशी माळ असते. समोरच्याला ठाऊक असतं की यातलं अर्धं प्रॅक्टिकलला मागे उभं राहून बघितलेलं आहे. म्हणून यादीचे तीन भाग करा : स्वतः एकट्याने करू शकते, कोणाच्या देखरेखीखाली केलं आहे, फक्त पाहिलं आहे. असा बायोडेटा हाती आला की मी तो वेगळा ठेवते, कारण या माणसाने लिहिलेल्या निकालावर उद्या मला विश्वास ठेवायचा आहे. प्रबंधाच्या दोन ओळींत प्रश्न काय होता, तुम्ही काय केलं आणि काय निघालं ते लिहा. काहीच निघालं नसेल तर तेही लिहा.

आणि एक गोष्ट जी ठाणे-नवी मुंबईची मुलं विसरतात : भाषा. रुग्णांशी संबंधित प्रकल्पांत, जिथे रक्त किंवा गाठीचा तुकडा संशोधनासाठी घ्यायचा असतो, तिथे रुग्णाची लेखी संमती लागते. नुसती सही घेतली की ती झाली असं नाही. बीडहून, जळगावहून, कोकणातून आलेल्या घाबरलेल्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगावं लागतं की हे कशासाठी आहे, नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, आणि नमुन्यावर त्याचं नाव नसेल. हे शांतपणे मराठीत आणि हिंदीत सांगता येणारा माणूस प्रकल्पाला फार मोलाचा असतो. तुम्हाला ते येत असेल तर बायोडेटात ठळकपणे लिहा. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचा, छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम करून ठेवला तर क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरच्या जागाही खुल्या होतात. प्रयोगशाळेतल्या हाताच्या कामाची आवड नसलेल्यांसाठी तो चांगला रस्ता आहे.

वॉक-इनचा दिवस

बऱ्याच जागा वॉक-इनने, म्हणजे ठरल्या दिवशी थेट मुलाखत घेऊन, भरतात. जाहिरातीत वेळ दिलेली असते, समजा साडेनऊ ते साडेदहा नोंदणी. साडेदहानंतर नाव घेत नाहीत, हार्बरचा मेगाब्लॉक सांगून उपयोग नसतो. आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या संस्थांत गेटवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, त्यात वेळ जातो.

पिशवीत हवं ते असं : मूळ गुणपत्रिका आणि पदवी, त्या सगळ्यांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, नेट-गेटचं प्रमाणपत्र, असल्यास जातीचं प्रमाणपत्र, आधीच्या कामाचं अनुभवपत्र, बायोडेटाच्या तीन प्रती, आणि प्रबंध. प्रबंध जाडजूड असला तरी न्या. माझ्या एका मुलाखतीत सर त्यातली एकच आकृती उघडून वीस मिनिटं बोलले. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून अजून आलं नसेल तर प्रोव्हिजनल चालतं. डबा आणि पाणी न्या. तीस-चाळीस जण असले तर दुपार होते, कधी आधी छोटी लेखी परीक्षाही घेतात. प्रवासखर्च मिळत नाही.

मुलाखतीत काय विचारतात

इथे थोडं थांबून लिहिते, कारण इथेच बहुतेक जण गळतात, आणि ते गळणं टाळता येतं.

माझी पहिली मुलाखत. मी रात्रभर कर्करोगाचे सिग्नलिंग मार्ग पाठ केले होते. मॅडमनी एकही विचारला नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि पेशी मोजायच्या काचेवरचं, म्हणजे हिमोसायटोमीटरचं, गणित घातलं. म्हणाल्या, "हिमोसायटोमीटरच्या चार कोपऱ्यांत मिळून १२० पेशी मोजल्यास. ट्रिपॅन ब्लू समसमान घातलं होतं. एक मिलिलिटरमध्ये पेशी किती?" मला आलं नाही. सूत्र वाचलेलं होतं, पण हात घाबरला. घरी येताना गाडीत सुटलं : सरासरी ३०, दुप्पट पातळ केलं म्हणून गुणिले २, आणि कप्प्याच्या आकारमानासाठी गुणिले १०,०००. सहा लाख. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला हेच गणित घालते, आणि पुढे विचारते : सहा कप्प्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी एक लाख पेशी टाकायच्या तर यातलं किती घ्याल? साधारण १६७ मायक्रोलिटर.

अशी गणितं रोज दोन सोडवा. एक मोलर ट्रिस, ५०० मिलिलिटर, रेणुभार १२१.१४ : ६०.५७ ग्रॅम. इथे पुढचा प्रश्न असतो की आकारमान आधी पूर्ण करायचं की पीएच आधी बसवायचा. पीएच आधी. ५० पट टीएई बफरपासून एक लिटर एकपट बफर : २० मिलिलिटर घ्या, बाकी पाणी. सेंट्रिफ्यूजचा वेग आरपीएममध्ये सांगितलात तर विचारतील, कोणत्या रोटरला? रोटरची त्रिज्या बदलली की बळ बदलतं, म्हणून जी-मध्ये, म्हणजे गुरुत्वाच्या पटीत, सांगायची सवय लावा.

दुसरा गट कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांच्या, प्रश्नांचा. पीसीआरमध्ये डीएनए न घातलेली नळी कशाला ठेवायची? तिच्यातही पट्टा आला तर काय समजायचं? वेस्टर्न ब्लॉटमध्ये बीटा-ॲक्टिन कशासाठी बघतात? पाठ केलेली व्याख्या त्यांना नको असते. 'प्रत्येक खाचेत प्रथिन सारखंच भरलं गेलं होतं का ते कळावं म्हणून' इतकं साधं उत्तर पुरतं.

तिसरा गट, काही बिघडलं तर? सकाळी फ्लास्कमधलं पेशी वाढवायचं माध्यम पिवळं आणि गढूळ दिसलं. काय झालं असेल, काय कराल? जंतूंचा शिरकाव झाला असणार, आम्लामुळे माध्यमातल्या फिनॉल रेड या दर्शकाचा रंग पिवळा झाला. पण त्यांना ऐकायचं असतं ते पुढचं : फ्लास्क बाकीच्यांपासून लगेच वेगळा करीन, ब्लीचने निकामी करीन, इन्क्युबेटर आणि हूड पुसून घेईन, त्याच बाटलीतलं माध्यम दुसऱ्या कुणी वापरलं का विचारीन, आणि सरांना सांगेन. हे शेवटचं वाक्य म्हणायला विसरू नका. चूक लपवणारा माणूस प्रयोगशाळेला फार महाग पडतो.

येत नसेल तर 'हे मला येत नाही, पण मी असा विचार करीन' असं म्हणा आणि मोठ्याने विचार करा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं. ठाण्या-मुंबईच्या पॅनेलवर कोणीतरी मराठी किंवा हिंदी समजणारं बहुधा असतंच, विनंती करून एखादं वाक्य त्या भाषेत सांगितलेलं मी स्वीकारलं जाताना पाहिलं आहे. पीएचडी करणार का, हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगा. सहा महिन्यांत जाणार असाल तर ते लपवून घेतलेली जागा दोघांनाही त्रासाची होते.

हो म्हणण्याआधी

निवड झाली की आनंदात कोणी काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीत रुजू झाल्यावर कळलं की प्रकल्पाचे चारच महिने उरले आहेत. त्यानंतर वाढीव मुदतीच्या मंजुरीची वाट बघत मी काम करत राहिले आणि तीन महिने पगार आला नाही. आला तेव्हा एकरकमी आला, पण तोवर बाबांकडे पासचे पैसे मागताना फार वाईट वाटायचं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वर्षाचा खर्चाचा हिशेब गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागतो. पण मला आधी माहीत असतं तर मी तयारीने गेले असते.

म्हणून हे प्रश्न विचारा, उभ्या उभ्या नाही, शांतपणे : प्रकल्प कधी संपतो? या वर्षाचा निधी आला आहे का? नेमणूक किती महिन्यांची आणि मुदतवाढ कशी होते? घरभाडे भत्ता धरलेला आहे का? रजा किती? सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस? या लॅबमधून पीएचडीची नोंदणी करता येते का, आणि त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते का? चांगला पीआय या प्रश्नांनी नाराज होत नाही. शक्य असेल तर लॅबमधल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला चहाला गाठा आणि विचारा की लेखात काम करणाऱ्यांची नावं येतात का, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं का. पहिले तीन महिने निघतील एवढी शिल्लक जमली तर जवळ ठेवा. नाही जमली तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

गावाहून येणाऱ्या मुलींसाठी : वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचं वसतिगृह आहे. ही संघटना १९७३ साली डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकारी महिला वैज्ञानिकांनी स्थापन केली. खारघरला खोली बघण्याआधी तिथे चौकशी करा.

रुजू झाल्यावर

मानवी रक्त किंवा ऊती हाताळणार असाल तर हिपॅटायटिस बी ची लस घेतली आहे का ते तपासा. तीन डोस असतात, पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. संस्था देत असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः घ्या. पहिल्याच दिवशी डोळे धुण्याची जागा, अग्निशामक आणि सुया टाकायचा डबा कुठे आहे ते बघून ठेवा.

प्रयोगाची वही त्याच दिवशी, शाईने, तारीख घालून लिहा. चिटोऱ्यांवर लिहून रविवारी उतरवायची सवय सगळ्यांना लागते, आणि त्यातच लॉट नंबर हरवतात. चुकलेलं एका रेघेने खोडा, पांढरी शाई नको. वही लॅबची असते, सोडताना तिथेच राहते, त्यामुळे तुम्ही काय काय शिकलात याची वेगळी यादी स्वतःकडे ठेवा. पुढच्या बायोडेटात तिचाच उपयोग होईल.

सोडायची वेळ आली की अनुभवपत्र हातात घेऊनच निघा. त्यात पदाचं नाव, प्रकल्पाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, मानधन, आणि कार्यालयाचा शिक्का हवा. नुसत्या पीआयच्या सहीचं पत्र काही ठिकाणी चालत नाही. प्रकल्प बंद झाल्यावर वर्षाने ते मागायला गेलं की फाइल सापडत नाही, हिशेबाचे बाबू बदललेले असतात, आणि खारघरच्या दोन-तीन फेऱ्या होतात.